पायली, शीग आणि लिटर : नांदेड-लातूर परिसरातील धान्यमापांचा विचार

मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास जुन्या कागदांत ‘खंडी’, ‘मण’, ‘पायली’, ‘शेर’ हे शब्द पदोपदी भेटतात. त्यांचे आजच्या परिमाणांत रूपांतर करणे हे काम वरवर पाहता सोपे वाटते. चाळीस शेरांचा मण, वीस मणांची खंडी आणि ऐंशी तोळ्यांचा शेर हे कोष्टक हाताशी घेतले की एका खंडीचे सुमारे ७४६ किलोग्रॅम होतात, आणि अभ्यासक पुढच्या आकड्याकडे वळतो. परंतु या हिशेबात एक गोष्ट विसरली जाते. धान्याच्या व्यवहारातील खंडी ही पुष्कळदा तराजूत तोललेली नसून मापाने मोजलेली असते. मापाच्या कोष्टकात चार शेरांची पायली होते आणि मण कोठे बारा पायल्यांचा, तर कोठे सोळा पायल्यांचा असतो. पहिल्या रीतीने खंडीचे ९६० शेर होतात, दुसऱ्या रीतीने १२८०. आणि वजनी खंडी तर ८०० शेरांचीच असते. शब्द एकच, पण त्याखाली तीन निरनिराळ्या राशी दडलेल्या आहेत.

जुन्या कारकुनांस हा भेद पूर्णपणे ठाऊक होता. म्हणूनच मराठी दप्तरांतील नोंदींत धान्याच्या आकड्यापुढे ‘कैली’ हा शब्द येतो. तो अरबी ‘कैल’ म्हणजे माप या शब्दापासून आलेला असून ‘मापाने मोजलेले, वजनाने नव्हे’ असा त्याचा अर्थ आहे. कधी त्याच्याच शेजारी ‘बारुले’ असा शब्द असतो. त्याने हा मण बारा पायल्यांचा आहे हे कळते. हे दोन लहान शब्द गाळले की सगळा हिशेब ढासळतो. आकडा उतरवून घेणारा अभ्यासक बहुधा तेच गाळतो, कारण ते त्यास केवळ लेखनाची ठराविक धाटणी वाटतात. मापांचे रूपांतर हा नुसत्या अंकगणिताचा प्रश्न नसून प्रथम तो शब्दार्थाचा आणि त्यामागील व्यवहाराचा प्रश्न आहे, हे नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या परिसराच्या आधारे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(१) दुपटीची परंपरा

मापांचा आरंभ माणसाच्या हातापासून झाला. मूठ, पसा, ओंजळ हे शब्द आजही मराठीत जिवंत आहेत. त्यांपैकी ‘पसा’ हा संस्कृत ‘प्रसृत’ किंवा ‘प्रसृति’ याचा वंशज होय, आणि ‘ओंजळ’ हा ‘अंजलि’चा. जैन आगमांपैकी अनुयोगद्वार सूत्रात धान्यमानाचे जे कोष्टक आहे, त्यात दोन ‘असति’ म्हणजे एक ‘पसति’, दोन पसति म्हणजे एक ‘सेतिया’, चार सेतिया म्हणजे एक ‘कुलअ’, चार कुलअ म्हणजे एक ‘पत्थ’, असा क्रम येतो. यातील ‘पसति’ आपल्या घरी ‘पसा’ म्हणून नांदते आहे. ‘कुलअ’ म्हणजे संस्कृत ‘कुडव’. मराठी ‘कोळवे’ या मापाच्या नावाशी त्याचे साम्य ध्वनीच्या दृष्टीने सहज पटण्यासारखे आहे. कन्नडातील ‘कोळग’ हा शब्द ऐकण्यास कोळव्याच्या जवळचा वाटतो खरा. परंतु कोळग हे मोठे माप आहे आणि कोळवे शेराचा केवळ आठवा हिस्सा. मापांच्या नावांची व्युत्पत्ति लावताना ध्वनीबरोबर आकारही पाहावा लागतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

मराठी कोष्टक खालून वर असे चढते : दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अधोली आणि दोन अधोल्या म्हणजे एक पायली. ‘अधोली’ या नावातच पायलीचे अर्ध सूचित झाले आहे. प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या दुप्पट असल्यामुळे पायलीत बत्तीस कोळवी मावतात. ही रचना अडाणीपणाची नव्हे. अक्षरओळख नसलेल्या माणसासही दोन सारखी भांडी घेऊन एका राशीचे दोन समान भाग करता येतात. त्या भागाचे पुन्हा दोन करता येतात. दहावा हिस्सा मात्र असा ओतून काढता येत नाही, त्यास पाटी-पेन्सिल लागते. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी यांचे पाढे घोकून घेतले जात, ते याच जगासाठी. दुपटीचे कोष्टक हाताने मोजणाऱ्याचे आहे, दशमान कोष्टक कागदावर मोजणाऱ्याचे आहे. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

(२) सीमेवरील ‘वीस’

नांदेड आणि लातूर हे जिल्हे तीन भाषांच्या संगमावर आहेत. देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागास तेलुगूचा शेजार आहे. उदगीर व निलंगा या भागास कन्नडचा. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, नंतर ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ साली नव्याने झालेल्या लातूर जिल्ह्यात समाविष्ट झाले. त्याही पूर्वी, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळी, हा सगळा प्रदेश एकाच सत्तेखाली होता. त्या काळच्या कन्नड लेखांत मंदिरांस दिलेल्या धान्याची मोजणी ‘खंडुग’ व ‘कोळग’ यांनी आणि नंदादीपाच्या तेलाची मोजणी ‘सोल्लगे’ने केलेली आढळते.

आता तिन्ही भाषांतील मोठी मापे शेजारी ठेवून पाहावीत. मराठीत वीस मणांची एक खंडी होते. कन्नडात वीस कोळगांचा एक खंडुग होतो. तेलुगूत वीस ‘तूमुं’ची एक ‘पुट्टि’ होते. शब्द निराळे, खालच्या पायऱ्यांची नावे निराळी, परंतु शिखरावरील ‘वीस’ तिन्हीकडे एकच. खालच्या पायऱ्याही तेलुगूत दोन आणि चार यांनीच चढतात. यावरून असे म्हणावयास हरकत नाही की या प्रदेशात भाषा तीन असल्या तरी मोजण्याचे व्याकरण एक होते. देगलूरच्या बाजारात तेलुगू शेतकरी आणि मराठी व्यापारी समोरासमोर आले तर त्यांस एकमेकांची रचना समजावून सांगावी लागत नसे. अडचण पडे ती भांड्याच्या आकाराची. कोष्टक जुळे, पण तुमची पायली आणि माझी पायली यांचे पोट सारखे आहे की नाही हा प्रश्न उरे. तो कोष्टकाने सुटत नसे, प्रत्यक्ष ओतूनच सोडवावा लागे.

(३) शीग

भांड्याचे पोट सारखे ठरले तरी प्रश्न संपत नाही. द्रव पदार्थ काठाशी थांबतो. धान्य थांबत नाही. काठ भरल्यावरही धान्य वर चढत जाते आणि त्याचा शंकूसारखा ढीग बनतो. त्यास मराठीत ‘शीग’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘शिखा’पासून आला आहे. काठावरून हात किंवा सरळ काठी फिरवून वरचे धान्य पाडले की माप सपाट होते. न पाडता दिले की ते शिगेचे होते. एकाच पायलीच्या या दोन पायल्या झाल्या.

ही गोष्ट आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी नीट ओळखली होती. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, वजनमापांवरील अध्यायात, माप वाळक्या कठीण लाकडाचे करावे आणि त्याची शिखा चतुर्थांशाची धरावी, अथवा शिखा आतच समाविष्ट असलेले माप करावे, असे सांगितले आहे. त्याच ठिकाणी द्रोण या मापाचे चार प्रकार येतात : राजाच्या कोठारात धान्य घेताना २०० पलांचा द्रोण, सामान्य व्यवहारात १८७½ पलांचा, सेवकांस वाटताना १७५ पलांचा आणि अंतःपुरात वाटताना १६२½ पलांचा. घेण्याचे माप मोठे आणि देण्याचे लहान, हे येथे लपवाछपवीने नव्हे तर नियम म्हणून नोंदविले आहे.

भास्कराचार्यांनी लीलावतीत ‘राशिव्यवहार’ हे स्वतंत्र प्रकरण दिले आहे. सपाट जमिनीवर ओतलेल्या धान्याच्या राशीचा परिघ मोजावा. जाड्या धान्याच्या राशीची उंची परिघाच्या दहाव्या हिश्शाइतकी, बारीक धान्याची अकराव्या आणि कुसळाच्या धान्याची नवव्या हिश्शाइतकी धरावी. मग परिघाच्या सहाव्या हिश्शाचा वर्ग करून उंचीने गुणावे, म्हणजे राशीचे घनफळ येते. साठ हात परिघाच्या जाड्या धान्याच्या राशीची उंची सहा हात, म्हणून घनफळ ६०० घनहात. एक हात लांब, रुंद व उंच अशा आकारमानास तेथे ‘मागध खारी’ म्हटले आहे, तेव्हा ही रास ६०० खाऱ्यांची झाली. परिघाच्या सहाव्या हिश्शाचा वर्ग घेण्यात व्यासाच्या तिप्पट परिघ हे स्थूल प्रमाण गृहीत आहे. खळ्यावर एवढे पुरते. शास्त्रातील ‘राशि’ आणि आपल्या शेतकऱ्याची ‘रास’ यांत अंतर फार थोडे आहे.

हाच नियम आपण पायलीवरील शिगेस लावून पाहू. गोल, सरळ भिंतीचे भांडे घेतले आणि त्यावर जाड्या धान्याची शीग चढविली, तर परिघ व्यासाच्या तिप्पट धरून शिगेची उंची व्यासाच्या तीन दशांश येते. शंकूचे घनफळ त्याच तळाच्या व उंचीच्या भांड्याच्या एक तृतीयांश असल्यामुळे शिगेतील धान्य हे भांड्याच्या व्यासाएवढ्या उंचीत मावणाऱ्या धान्याचा दहावा हिस्सा ठरते. याचा अर्थ असा की भांड्याची उंची व व्यास सारखे असतील तर शीग मापाच्या एक दशांश भरेल. आणि भांडे पसरट, म्हणजे व्यास उंचीच्या दुप्पट असेल तर ती एक पंचमांश भरेल. दोन्ही भांड्यांत सपाट भरलेले धान्य अगदी सारखे असले तरी शिगेचे धान्य सारखे नाही. मापाची लबाडी करण्यास तळाशी मेण लावावे लागत नाही; तोंड रुंद केले की पुरे.

याचा परिणाम कोणावर होत असे, हे पाहिल्यावाचून हा विचार अपुरा राहील. पेरणीच्या वेळी बी-बियाणे व पोटासाठी धान्य उसने घ्यावयाचे आणि सुगीला ते वाढवून परत करावयाचे, या व्यवहारास मराठीत ‘वाढीदिढी’ असे नावच आहे. परतफेड सव्वापटीने करावयाची ती सवाई, दीडपटीने करावयाची ती दिढी. आता कुणब्याने सवाईच्या कराराने चार पायल्या ज्वारी सपाट मापाने नेली आणि सुगीला पाच पायल्या शिगेच्या मापाने परत केल्या असे समजू. माप पसरट असून शीग एक पंचमांश असेल, तर परत केलेल्या पाच पायल्या प्रत्यक्षात सहा सपाट पायल्यांइतक्या होतात. चारच्या सहा, म्हणजे दीडपट. वहीत सवाई लिहिलेली राहते आणि खळ्यावर दिढी वसूल होते. वहीतला एकही अक्षर-आकडा खोटा नसतो. इतिहासकार जेव्हा केवळ वहीवरून व्याजाचा दर काढतो, तेव्हा शिगेत गेलेली एक पायली त्याच्या नजरेतून सुटते. शेतमजुरीच्या बाबतीत हेच उलट दिशेने घडे. सालगड्यास, बलुतेदारास किंवा कापणीच्या बायांस धान्य मिळे ते किती पायल्या, एवढेच सर्वांस ठाऊक असे. ते कोणत्या हाताने भरले यावर त्यांची खरी मिळकत ठरे.

हे दुखणे केवळ आपले नव्हे. फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीपूर्वी जनतेने राजास सादर केलेल्या गाऱ्हाण्यांत जमीनदारांच्या वाढत्या मापांविरुद्ध तक्रारी होत्या आणि एकच वजन, एकच माप असावे अशी मागणी होती. मेट्रिक पद्धतीच्या जन्मामागे ही मागणी उभी आहे. इंग्लंडने १८३५ च्या कायद्याने शिगेचे माप रद्द केले. विटोल्ड कुला या पोलिश इतिहासकाराने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मापांचा इतिहास हा देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या झगड्याचा इतिहास आहे, असे विस्ताराने दाखविले. आपल्या खळ्यांचा असा इतिहास लिहावयाचा राहिला आहे.

(४) दशमानाचे आगमन

१९३९ च्या कायद्याने वजनी तोळा १८० ग्रेनचा, शेर ८० तोळ्यांचा व मण ४० शेरांचा ठरविण्यात आला होता. स्वातंत्र्यानंतर २८ डिसेंबर १९५६ रोजी वजने व मापे यांच्या प्रमाणांचा नवा कायदा मंजूर झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून तो टप्प्याटप्प्याने अंमलात येऊ लागला आणि १ एप्रिल १९६२ पासून देशभर मेट्रिक वजने सक्तीची झाली.

मराठवाड्याच्या दृष्टीने हा काळ विशेष धकाधकीचा होता. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झाले, परंतु हाली सिक्का त्यानंतरही काही वर्षे भारतीय रुपयाबरोबर चालत राहिला आणि सात हाली रुपयांस सहा कलदार हा भाव सर्वांस पाठ होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांच्या जागी शंभर नवे पैसे आले. १९५९ मध्ये हाली नाणे कायमचे रद्द झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, आणि पाठोपाठ शेर जाऊन किलो आला. नांदेडच्या वा लातूरच्या आडत्यास साधारण पंधरा वर्षांत राज्य, नाणे, पैसा आणि वजन अशी चार रूपांतरे करावी लागली. ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा. म्हणजे किलो शेरापेक्षा सुमारे पावणेसहा तोळ्यांनी मोठा. भाव शेराचा आणि माल किलोचा, किंवा उलट, अशा घोटाळ्यास एवढे अंतर पुरेसे होते.

परंतु या बदलातील मुख्य गोष्ट शेराचा किलो होणे ही नव्हे. जुन्या मापी शेराचा खरा वारस लिटर असावयास हवा होता, कारण दोन्ही आकारमानाची मापे आहेत. प्रत्यक्षात दूध, रॉकेल व तेल यांच्याकडे लिटर गेला आणि धान्य किलोकडे गेले. म्हणजे धान्याच्या बाबतीत एका मापाऐवजी दुसरे माप आले नाही. मोजण्याची जातच बदलली. तराजूवर शीग नसते. भांडे पसरट की उभे, धान्य जाडे की बारीक, हात सैल की घट्ट, हे सारे प्रश्न एका फटक्यात बाद झाले. करडईसारख्या हलक्या धान्याची पायली आणि ज्वारीची पायली वजनाला सारखी भरत नाही, हा फरकही आता झाकलेला राहिला नाही. हा लाभ लहान नव्हता.

त्याचबरोबर एक हानीही झाली. पायली शेतकऱ्याच्या घरची होती. तराजू बहुधा व्यापाऱ्याचा असे. मापात झालेली लबाडी डोळ्यांना दिसे, तराजूतील दिसत नसे. भाषेने याची नोंद तत्काळ घेतली : ‘काटा मारणे’ हा प्रयोग आणि त्यावरून ‘काटामारी’ हा शब्द आज ऊस व धान्याच्या व्यवहारात सर्रास ऐकू येतो. वजनालाही स्वतःच्या अटी आहेत. ओले सोयाबीन जड भरते, म्हणून खरेदीच्या वेळी ओलावा तपासावा लागतो. वजनाने शिगेचा प्रश्न सुटला आणि ओलाव्याचा उभा राहिला.

लिटरचेही तसेच आहे. १९०१ पासून १९६४ पर्यंत लिटरची व्याख्या ‘एक किलोग्रॅम शुद्ध पाण्याने कमाल घनतेच्या वेळी व्यापलेले आकारमान’ अशी होती; १९६४ साली तो पुन्हा एक घनदेसिमीटर ठरला. आपला १९५६ चा कायदा झाला तेव्हा लिटर वजनाच्याच आधाराने उभा होता. आजही एक लिटर खाद्यतेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅम असा आकडा असतो, आणि तेल उष्णतेने फुगत असल्यामुळे कोणत्या तापमानाचे लिटर हा वाद होऊन २०२२ साली केंद्र शासनास उत्पादकांना सूचना द्यावी लागली. ‘किती?’ या प्रश्नाबरोबर ‘कशाचे आणि कोणत्या स्थितीत?’ हा प्रश्न जोडलेलाच असतो.

(५) भाषेत उरलेले माप

माप व्यवहारातून गेले, तरी शब्दांत ते राहिले. उत्सुकता किंवा वाद ‘शिगेला पोहोचला’ असे आपण रोज म्हणतो. बोलणाऱ्याच्या मनात डोंगराचे शिखर असते. मूळ अर्थ मात्र काठ ओलांडून चढलेल्या धान्याचा आहे, ज्यावर आणखी एक दाणा टाकला तर तो घरंगळेल. ‘पायलीचे पंधरा अन् अधोलीचे सोळा’ ही म्हण आज केवळ स्वस्ताईची निदर्शक समजली जाते. परंतु अधोली पायलीच्या निम्मी आहे हे ठाऊक असल्यावाचून तिची गंमत कळत नाही. पायलीला पंधरा मिळत असतील तर अधोलीला साडेसात मिळावयास हवीत. येथे निम्म्या मापाला एक जास्तच मिळतो. ‘शेरास सव्वाशेर’ या म्हणीतला सव्वा हा सवाईतलाच आहे. ‘झुकते माप’ या प्रयोगात तर दोन पद्धतींची सरमिसळ झाली आहे : झुकते ते तराजूचे पारडे, माप मात्र भांडे. धान्य मोजणारे ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणून मोजणीस आरंभ करतात. नवी सून आजही उंबरठ्यावरचे माप ओलांडून घरात येते. तेथे किलोचे वजन कोणी ठेवीत नाही. आणि बाजार समितीत इलेक्ट्रॉनिक काट्यावर पोती चढत असली तरी तेथील कामगाराचे नाव ‘मापाडी’ हेच आहे.

(६) अभ्यासकांस सूचना

वरील विवेचनावरून जुन्या कागदांतील धान्याच्या आकड्यांचे रूपांतर करण्यापूर्वी पाच प्रश्न विचारले पाहिजेत असे दिसते. आकडा कैली आहे की वजनी? मण किती पायल्यांचा? माप सपाट की शिगेचे? धान्य कोणते? आणि ते माप देणाऱ्याच्या घरचे की घेणाऱ्याच्या? या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील तर आकडा मूळ परिमाणातच ठेवावा. चुकीचा किलोग्रॅम लिहिण्यापेक्षा बरोबर खंडी लिहिणे अधिक शास्त्रीय होय.

यांपैकी तिसऱ्या व पाचव्या प्रश्नाचे उत्तर दप्तरात क्वचितच सापडते. ते गावात सापडण्याचा संभव अधिक आहे. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या घरी, माळ्यावर किंवा देवघराजवळ, एखादी जुनी पायली, अधोली वा मापटे असेल. त्या भांड्याचा आतील व्यास व उंची मोजावी. मग त्यात काठोकाठ पाणी भरून ते तोलावे. जितके ग्रॅम भरेल तितके मिलिलिटर त्याचे पोट समजावे. भांडे लाकडी किंवा गळके असेल तर पाण्याऐवजी बारीक कोरडी वाळू भरून ती मोजपात्रात ओतावी. नंतर त्यात ज्वारी सपाट आणि शिगेसह भरून दोन्ही वेळा वजन घ्यावे. त्याच बरोबर घरातील वृद्धांस विचारावे की या मापाने धान्य दिले कसे जाई आणि घेतले कसे जाई, व त्यासाठी ते कोणते शब्द वापरीत. देगलूर ते निलंगा या पट्ट्यातील अशा शे-दोनशे मापांची नोंद झाली, तर मराठी, कन्नड व तेलुगू मापांच्या आकारांचा प्रश्न अनुमानावर सोडावा लागणार नाही, आणि वहीत न दिसणाऱ्या शिगेचा हिशेबही प्रथमच मांडता येईल. ही भांडी भंगारात जाण्यापूर्वी हे काम व्हावयास हवे.